रे रोडचं बिनपाटीचं गॅरेज आणि अप्पांची सीआर-व्ही

आधीच सांगते, या गॅरेजला पाटी नाही आणि मी नावही लिहिणार नाही. मालकांनीच तसं सांगितलंय. "ताई, नाव नको. चार गाड्यांची जागा आहे माझ्याकडे, पाचवी आली तर रस्त्यावर उभी राहील." मुंबईतल्या रे रोड स्टेशनला पूर्वेला उतरून दारूखाना भागाच्या दिशेने चालू लागलं, की पत्रे कापणारे आणि जुन्या साखळदंडांच्या वखारी लागतात. त्यांच्यातच एका शेडपुढे एखादी जिप्सी, एखादी पजेरो आणि बहुतेक वेळा बॉनेट उघडलेली एक तरी सीआर-व्ही उभी असते. तेच ते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या जुन्या गाड्या सोडून ते दुसरं काही हातात घेत नाहीत. मालक कुडाळकडचे, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात, म्हणून मीही.

गाडी २००६ ची होंडा सीआर-व्ही, २.४ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीच्या पैशातून घेतली. मागच्या दारावर स्टेपनी, डॅशबोर्डातूनच निघालेला गिअरचा दांडा, आणि डिकीतली तळाची फळी उचलून पाय उघडले की जेवायचं टेबल. कशेडी घाटाच्या अलीकडे सावली बघून त्या टेबलावर आम्ही किती वर्षं घावणे-चटणी खाल्ली आहे. २०२२ मध्ये अप्पा गेले आणि गाडी माझ्या नावावर झाली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा वॉचमन अजूनही तिला अप्पांची गाडीच म्हणतो.

ही गाडी मी विकून का टाकत नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. आमचं घर लांज्याच्या पुढे, वाडीच्या वरच्या अंगाला. शेवटची दीडशे पावलं म्हणजे जांभ्याचा उभा चढाव. श्रावणात त्यावर शेवाळ धरतं, मध्येच एका वळणावर पाट फुटून चिखल होतो. साध्या गाड्या खाली देवळाजवळ ठेवून सामान डोक्यावर न्यावं लागतं. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. तिला दारात उतरवायचं असेल तर चारही चाकांनी ओढणारी गाडी लागते, आणि ती आमच्याकडे आहे.

२०२५ च्या जूनपासून ती आवाज करू लागली. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर लोकांचे कान तपासते. त्यामुळे आवाज कुठून येतो आणि कुठल्या पट्टीत येतो याकडे माझं लक्ष आपोआप जातं. सकाळी गाडी थंड असताना काही नाही. संध्याकाळी दवाखान्यातून परत येऊन सोसायटीच्या गेटात स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की मागून जाड, खालच्या पट्टीतला आवाज. दूर कुठेतरी म्हैस रेकावी तसा. आणि त्याच्याबरोबर सीटखालून थरथर. सरळ रस्त्यावर मात्र गाडी गप्प.

मी आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे गाडी लिफ्टवर चढवली, एकाने टॉर्च मारला आणि सांगितलं, मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी, गेलं, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. मजुरीसकट एक लाख पस्तीस हजारांचा अंदाज छापून हातात दिला. गाडी चालवून कोणी पाहिली नाही. आत कुठलं तेल आहे, हेही कोणी विचारलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तर म्हणाले, मागे जाणारा प्रोपेलर शाफ्टच काढून टाका, पुढच्या दोन चाकांवर मस्त चालेल, मायलेजही वाढेल. त्या दिवशी घरी येताना मला खरोखर वाईट वाटलं. ज्या एका गोष्टीसाठी अप्पांनी ही गाडी निवडली, तीच काढून टाका म्हणे.

रे रोडचा पत्ता मला दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी दिला. त्यांच्याकडे जुनी ग्रँड व्हिटारा आहे.

मेस्त्रींनी पहिल्या भेटीत बॉनेट उघडलंच नाही. "चला, फिरून येऊ," म्हणाले, आणि पुढे न बसता मागच्या सीटवर जाऊन बसले. एक कान डिकीकडे. मला वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे चालवायला लावलं, तेल गरम व्हायला हवं म्हणून. मग गोदीच्या बाजूच्या एका रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून सावकाश गोल फिरायला सांगितलं. दुसऱ्या फेऱ्याला आवाज आला. ते दोन फेरे नुसते ऐकत राहिले. मग बोलले ते मालवणीत, स्वतःशीच बोलल्यासारखं: "गाडी रडणा नाय, तेल मागता हा."

त्यानंतर त्यांनी मला तीन आवाज वेगळे करून सांगितले. हे मला कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. वळताना पुढच्या चाकाकडून टक-टक-टक असा मोजता येईल असा आवाज येत असेल, तर तो एक्सलचा बाहेरचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर गेलं आणि माती आत गेली की असं होतं. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारा, विमानासारखा घूं आवाज असेल आणि गाडी किंचित डाव्या-उजव्या बाजूला झुकवली की कमी-जास्त होत असेल, तर व्हील बेअरिंग. आणि फक्त हळू, पूर्ण वळणावर, गाडी गरम झाल्यावर मागून येणारी गुरगुर असेल, तर मागच्या डिफरन्शियलमधला क्लच. माझी तिसरी होती. हे तिन्ही आवाज वेगळे ओळखायला कुठलंही मशीन लागत नाही, थोडा वेळ लागतो. पहिल्या वर्कशॉपने तोच दिला नव्हता.

क्लच मागे कशाला, हा माझा प्रश्न. मेस्त्रींनी स्टुलावर बसून समजावलं. या गाडीत पुढची चाकं इंजिनवर चालतात. मागे लांब दांडा जातो, तो पुढच्या चाकांच्या हिशेबाने फिरतो. मागच्या डिफरन्शियलच्या पोटात तेलाचे दोन पंप आहेत. एक त्या दांड्यावर फिरतो, दुसरा मागच्या चाकांवर. "जात्यावर समोरासमोर दोघी बसल्यात असं समजा. दोघींचा वेग एक, तोवर खुंट्यावर ताण नाही." एका पंपाने ढकललेलं तेल दुसरा ओढून घेतो, दाब तयारच होत नाही आणि मागची चाकं नुसती घरंगळत येतात. पुढचं चाक चिखलात घसरून भराभर फिरू लागलं, की पुढचा पंप जास्त तेल ढकलतो. मागचा तेवढं ओढू शकत नाही. दाब चढतो आणि तो दाब क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळतो. दांडा मागच्या चाकांना जोडला जातो. त्यासाठी ड्रायव्हरला एकही बटण दाबावं लागत नाही.

आता वळणावर काय होतं? पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. म्हणजे कोरड्या रस्त्यावरसुद्धा पूर्ण वळणावर पुढच्यांचा वेग थोडा जास्त असतो, थोडा दाब चढतो, चकत्या थोड्या घासतात. तेल चांगलं असेल तर त्या एकमेकींवरून अलगद सरकतात. तेल मेलं असेल किंवा चुकीचं असेल तर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. सेकंदाला कितीतरी वेळा. इथे मला माझं शिक्षण आठवलं. सारंगीच्या तारेवर गज ओढला की नेमकं हेच घडतं, चिकटणं आणि सुटणं, म्हणून तार बोलते. मी हे मेस्त्रींना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पोऱ्याला बोलावून त्यालाही परत सांगायला लावलं.

"मागचं तेल शेवटचं कधी बदललं?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अप्पांच्या वहीत होतं. लाल पुठ्ठ्याची लांब वही, किराणा दुकानात असते तशी. प्रत्येक सर्व्हिस, किलोमीटर, तारीख, किती पैसे. घरी जाऊन पानं उलटली आणि २०१९ च्या मे महिन्यात ती ओळ सापडली. गावी जाताना वाटेतल्या एका गॅरेजमध्ये सील गळत होतं म्हणून दुरुस्ती केली, आणि पुढे अप्पांच्या वळणदार अक्षरात: 'मागचे तेल बदलले, ९० नंबर.'

दुसऱ्या दिवशी वहीचा फोटो पाठवला. मेस्त्रींचा लगेच फोन आला. नव्वद नंबर म्हणजे साधं गिअर तेल, ट्रकच्या किंवा जीपच्या डिफरन्शियलमध्ये घालतात ते. तिथे दात एकमेकांवर घासतात, म्हणून ते जाड आणि चिवट असतं. आमच्या गाडीत मात्र पंप आहेत आणि ओल्या चकत्यांचा क्लच आहे. त्याला होंडाचं स्वतःचं ड्युअल पंप फ्लुइडच लागतं. बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. सहा वर्षं अप्पांची गाडी चुकीच्या तेलावर चालली होती, आणि अप्पांना ते कळलं नव्हतं. मला हे ऐकून त्रास झाला, कारण अप्पा या बाबतीत फार काटेकोर होते. त्यांनी फक्त विश्वास ठेवला होता.

काम रविवारी सकाळी झालं. मी तिथे उभी राहून सगळं पाहिलं, आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनीही उभं राहून पाहावं. सीलबंद डबे त्यांनी ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मागवले होते आणि माझ्यासमोर फोडले. पहिली गोष्ट, खालचा बोल्ट उघडण्याआधी त्यांनी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल केला. कारण साधं आहे. आधी खालून तेल सोडलं आणि मग वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी बिनतेलाची तिथेच अडकते. आमचा वरचा बोल्ट खरंच बसला होता. वीस मिनिटं गंजाचं तेल मारून, हळूहळू हातोडीने ठोकून तो सोडवला. पाना बोल्टच्या चौकोनी खाचेत पूर्ण बसलाय की नाही हे ते दर वेळी बोटाने चाचपत होते.

जुनं तेल बाहेर आलं ते काळं, आणि त्याला करपलेल्या फोडणीसारखा वास. खालच्या बोल्टला चुंबक असतं, त्यावर राखाडी लेप जमला होता. मेस्त्रींनी तो चिमटीत घेऊन चोळला, पोऱ्याच्या बोटावर लावला, माझ्याही. मऊ लागला. "पावडर आहे, कण नाहीत. कण टोचले असते तर मी तुम्हाला असेंब्लीचं सांगितलं असतं." मग नवे वॉशर घातले आणि गाडी सपाटीवर ठेवून वरच्या भोकातून ओघळेपर्यंत तेल भरलं. साधारण लिटरभर लागतं.

लगेच मला गाडी घेऊन बाहेर पिटाळलं. पूर्ण वळवून इंग्रजी आठ काढायचे, पाच-पाच दोन्ही बाजूंना. लायसन्सच्या परीक्षेनंतर मी एवढे आठ काढले नव्हते. पहिल्या दोनात गुरगुर होती, तिसऱ्यात कमी, सहाव्यात गेली. परत आल्यावर ते नवं तेलही काढून टाकलं. चकत्यांमध्ये मुरलेलं जुनं तेल त्यात उतरतं, म्हणून. दुसऱ्यांदा ताजं भरलं. दुसऱ्यांदा निघालेलं तेल मधाच्या रंगाचं असायला हवं होतं, ते कोऱ्या चहासारखं होतं. त्यावरून त्यांनी सांगितलं, वर्षभराने तिसऱ्यांदा बदला, मग नेहमीच्या मुदतीवर या.

तेल बदलून आवाज गेला म्हणजे मागची चाकं खरोखर ओढतात असं सिद्ध होत नाही, हे मला सुचलं नसतं. त्यांनी चारही चाकं उचलून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवली, गिअर डीमध्ये टाकला, आणि स्वतः आत बसून हँडब्रेक हळूहळू ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची अडली, पुढची फिरत होती, आणि इंजिनचा आवाज एकदम दबला, ओझं उचलल्यासारखा. म्हणजे पंप दाब तयार करतात, क्लच धरतो. हे घरी करून बघू नका. घोड्यांवर फिरणाऱ्या चाकांची गाडी घसरली तर माणूस जातो. त्या वेळी त्यांनी पोऱ्याला आणि मला दोघांनाही शेडबाहेर उभं केलं होतं.

तेल, वॉशर, मजुरी, सगळं मिळून आठ हजार सातशे रुपये.

खर्च तेवढ्यावर थांबला नाही. माझी मागची दोन टायरं २०२३ ची, पुढची दोन २०१९ ची, वेगळ्या कंपनीची. दोनच टायर घेणार असाल तर नवी मागे टाका, असं टायरवाल्याने सांगितलं होतं, आणि साध्या गाडीला ते बरोबरही आहे. मेस्त्रींनी खडूने चाकावर खूण केली, गाडी एक फेरा ढकलली आणि फरशीवर टेपने अंतर मोजलं. पुढच्यांची त्रिज्या झिजून तीन मिलिमीटरनी कमी झाली होती. त्रिज्येतला तीन मिलिमीटरचा फरक परिघात जवळजवळ एकोणीस मिलिमीटर होतो. म्हणजे हायवेवर सरळ जाताना, प्रत्येक फेऱ्याला, पुढची चाकं थोडी जास्त फिरतात. दोन पंपांना वाटतं पुढे घसरतंय. ते तासन् तास थोडा-थोडा दाब देत राहतात आणि तेल तापतं. चार चाकं ओढणाऱ्या गाडीला चारही टायर एका मापाची, एका नक्षीची, एका झिजेची लागतात. हे वाक्य मला कोणीतरी गाडी हातात आली त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी पाच घेतली, स्टेपनीसकट, २१५/६५ आर १६. आता पाचही आळीपाळीने फिरवायची.

इथे माझा त्यांच्याशी वाद झाला. मला गाडी दोन इंच उचलून हवी होती. स्प्रिंगवर ठोकळे, थोडी मोठी टायरं, चढावावर पोट घासू नये म्हणून. त्यांनी सरळ नाही म्हटलं. जिप्सीला उचलता येतं, तिच्या एक्सल सलग आहेत. या गाडीत प्रत्येक चाक वेगळं लटकतं. गाडी वर उचलली की एक्सलचे सांधे कायम वाकलेल्या कोनात फिरतात, बूट फाटतात, चाकांचा कल बिघडतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ली जातात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापात असा बदल चालत नाही. माझ्या गाडीच्या नोंदणीचं पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण २०२१ मध्ये झालंय, पुढचं २०२६ मध्ये. वीस वर्षांवरच्या कारसाठी नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाली. एवढे पैसे भरून तपासणीत ठोकळ्यांवरून गाडी परत पाठवली तर? मी दोन दिवस नाराज होते. मग चढावावर खरोखर काय घासतं ते आठवून पाहिलं. बंपरचा खालचा ओठ आणि इंजिनचं तळ. चाकं कधीच कमी पडली नव्हती.

त्यांनी जे केलं ते असं. त्याच साइजची पण खोल नक्षीची, चिखलात पकडणारी टायरं. इंजिनखाली तीन मिलिमीटरच्या पत्र्याचा गार्ड, शेजारच्याच पत्रेवाल्याकडून कापून, मूळ बोल्टच्या भोकांवर बसवलेला. त्याला तेल सोडायच्या बोल्टखाली भोक ठेवलंय, नाहीतर दर सर्व्हिसला अख्खा पत्रा उतरवावा लागतो. पेट्रोलच्या नळीचे दोन जुने रबरी तुकडे बदलले, कारण आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ते रबर बनलेलंच नव्हतं. आणि खालच्या भागाचा गंज खरवडून रंग. मुंबईच्या खाऱ्या हवेत वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीला तो लागतोच.

एसीचं काम ते करत नाहीत, पण एक सल्ला दिला. दोन वर्षांपूर्वी माझा कंप्रेसर आतून झिजून बसला होता. एका एसीवाल्याने फक्त कंप्रेसर बदलला आणि नवा दोन महिन्यांत गेला. मेस्त्री म्हणाले, जुन्याचा चुरा पुढे कंडेन्सरमध्ये गेलेला असतो. कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर, तिन्ही बदलल्याशिवाय नवा कंप्रेसर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. हे मला दोन वर्षं उशिरा कळलं, तुम्हाला आधी कळावं.

आणखी एक. जुलैत ईस्टर्न फ्रीवेवर अल्टरनेटर गेला आणि गाडी बंद पडली. मदतीला आलेली व्हॅन पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर ओढत नेणारी होती. मी मेस्त्रींना फोन लावला. "हुकवर देव नको! चारी चाकां वर जावक होयी." गाडीच्या मॅन्युअलमध्येही हेच आहे, दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मागची यंत्रणा बिघडते. सपाट ट्रक यायला एक तास चाळीस मिनिटं लागली, आई गाडीत बसलेली, पाऊस. तरी थांबले. तुमच्या विमा कंपनीचा मदतीचा नंबर असेल तर आत्ताच फोन करून विचारून ठेवा, सपाट ट्रक देता का म्हणून.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. वेळ पाळत नाहीत. 'गुरुवारी देतो' म्हणजे पुढचा मंगळवार धरा. पहिली तारीख मिळायलाच मला तीन आठवडे लागले. बिल म्हणून वहीच्या कागदावर आकडे मिळतात, कार्ड चालत नाही, वॉरंटी तोंडी. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. मी दोनदा तशीच स्टेशनपर्यंत चालत गेले. ज्यांच्या गिऱ्हाइकांत बायका आहेत त्यांनी याचा विचार करायला हवा, आणि मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अजून काही केलेलं नाही. तिसरी गोष्ट पावसाची. समुद्र जवळ आहे, शेड खोलगट भागात आहे. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एका दिवशी असेल तर तिथे रात्रभर गाडी ठेवू नका. महापालिका पावसाळ्याआधी भरतीच्या तारखा जाहीर करते, त्या बघून जा.

२७ ऑगस्टला गणपती होते. आम्ही २३ ला पहाटे निघालो, महामार्गाच्या खड्ड्यांतून आणि गर्दीतून लांज्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. देवळाजवळ तीन गाड्या उभ्या होत्या, लोक पिशव्या उतरवत होते. चुलतभाऊ म्हणाला, "यंदा पाट लय फुटलाय, खालीच ठेव." मी खिडक्या उघडल्या, म्हणजे ऐकू येईल. वळणावरच्या चिखलात पुढची चाकं एकदा फिरली, घसरली, एक क्षण नुसता चिखल उडाल्याचा आवाज. मग मागून अगदी हलका, मऊ धक्का आला आणि गाडी वर चालू लागली. गुरगुर नाही, थरथर नाही. आईने हातातली समई सोडली नव्हती. ती दारात उतरली तेव्हा तिच्या चपलेला चिखल लागलेला नव्हता.

अप्पांच्या वहीत मी आता मागचं तेल दोनदा बदलल्याची तारीख लिहिली आहे, तेलाचं पूर्ण नाव घालून.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सकाळी नऊच्या आधी जा, दहानंतर ट्रकमुळे गाडी आत घेता येत नाही. जुन्या सर्व्हिसच्या नोंदी न्या, नसतील तर आधीच्या मेकॅनिकला विचारून कुठलं तेल घातलं ते लिहून न्या. आवाज येत असेल तर तो कधी येतो, गरम असताना की थंड, वळताना की सरळ, दोन दिवस नीट बघून मग सांगा. माझ्या इंजिनाची सकाळची टिकटिक अजून आहे. व्हॉल्व्हमधलं अंतर मोजायला डिसेंबरची तारीख दिली आहे, इंजिन रात्रभर थंड लागतं म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवायची आहे. तोवर पावसाळाही संपलेला असेल.